अर्धी लूट

फुटक्या चंद्राच्या आडोशाला जाऊन तिने जहाजाचे दिवे मालवले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली. पाच वाजून दहा मिनिटांनी 'जुना टायर' नावाचा मालवाला वळणावर आला. रोज याच वेळी यायचा. एवढं अफाट अवकाश मोकळं पडलेलं, पण हा गडी आपला डाव्या अंगाने, एका लयीत, आणि वळणाआधी दोनदा दिवा मारून. समोरून कोणी येत असेल तर त्याला कळावं म्हणून. या खेळात समोरून येऊन कोणी कोणाला धडकत नाही, हे त्याला सांगून झालं होतं. त्याने ते ऐकून घेतलं होतं आणि दिवा मारणं सोडलं नव्हतं.

तिने आपलं जहाज त्याच्या पुढ्यात आडवं घातलं आणि इंजिन बंद पाडणारा किरण सोडला. त्याचं बोजड, चौकोनी मालवाहू जहाज अर्धी गिरकी घेऊन थांबलं.

'हलू नकोस,' तिने टाइप केलं.

उत्तर यायला वेळ लागला. दोन बोटांनी अक्षरं शोधणाऱ्या माणसाला लागतो तेवढा.

'घे आणि तोंड काळं कर.'

ती घेत गेली. लोखंड, बियाणं, औषधांच्या पेट्या. माल बरोबर निम्मा उरला तेव्हा तिने हात आखडला, किरण बंद केला आणि दिवे न लावताच जहाज वळवलं. ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, खेळाचे आकडे सांभाळणाऱ्या आकडेवाल्याने हेडफोन गळ्यात उतरवला.

"झाला तुझा?"

"झाला."

"कितवी वेळ?"

"सतरावी."

"सतरा! आणि तरी येतोय? काय कातडं आहे यार या माणसाचं."

तिने तक्त्यात आठव्या ओळीवर सतरावा ठिपका टाकला. बाथरूममध्ये जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. मग बॅग उचलून घरी निघाली. जुना टायर सात वाजता जेवायचा आणि तिच्याशिवाय जेवायचा नाही. तो तिचा बाप होता.

खेळातली चोरी, व्यापार आणि शिक्षा यांचा मेळ बसवणं, हे तिचं काम होतं. मालवाले एका बंदरावरून दुसऱ्या बंदरावर माल नेत. वाटेत चाचे त्यांना लुटत. लूट झाली की चाच्याला सहा तास कुठल्याही बंदरात शिरता येत नसे, ही शिक्षा. शिक्षा कडक केली की चाचे कंटाळून खेळ सोडून जात, सैल केली की मालवाले जात. दोन्ही माणसं हवीत, पण कंपनीचा जीव चाच्यांवर. ते जहाजांना नवे रंग घेत, कवट्या घेत, मोठ्या तोफा घेत. मालवाले मिळालं ते जहाज झिजेपर्यंत चालवत.

सात आठवड्यांपूर्वी टीमच्या प्रमुख बाईंनी, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, एक आकडा मागितला होता. किती वेळा लुटल्यावर मालवाला खेळ सोडतो? तो आकडा कळला की त्याच्या जरासं आधी गस्तीचं जहाज धाडता येईल. त्याच्या आधी एकदाही नाही. यंत्राने चालवलेले चाचे वापरून उपयोग नव्हता. माणूस यंत्रावर चिडत नाही. म्हणून टीममधल्या चौघांनी चाचे व्हायचं ठरलं. नियमित येणारे बारा मालवाले निवडले, प्रत्येकाच्या वाट्याला तीन. त्यांना अर्थातच काही सांगायचं नव्हतं.

यादी तिच्या टेबलावर आली तेव्हा आठव्या ओळीवर जुना टायर होता. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक नमुन्यात घ्यायचे नाहीत असा नियम होता. त्या नियमाखाली तिचीच सही होती. एका ओळीचा मेल टाकला असता तर नाव निघालं असतं. पण मेलमध्ये लिहावं लागलं असतं की कंपनीच्या खेळात माझे वडील माल वाहतात, आणि मग चार जण त्यांचं जहाज बघायला तिच्या स्क्रीनभोवती गोळा झाले असते. तशात तोफवाल्याने, म्हणजे ज्याच्याकडे तोफा बनवायचं काम होतं त्याने, हात चोळत म्हटलं, "आठवा मला द्या. असल्या खटाऱ्याचे तुकडे करायला मजा येते."

"आठवा मी घेतलाय," ती म्हणाली होती.

निदान आपल्या हातून. एवढाच विचार होता. बाकीच्या दोघांना तिने नियमाप्रमाणे साफ धुऊन काढलं. एक पाचव्या लुटीनंतर गेला, दुसरा सहाव्या. बापाचं मात्र निम्मंच घेतलं. आकडेवाल्याने विचारलं तेव्हा सांगितलं, "वेगळं करून बघतेय."

ती घरी पोचली तेव्हा बाबा पिवळ्या फडक्याने कॉम्प्युटरची स्क्रीन पुसत होते. खेळायच्या आधी पुसायचे, आणि खेळून झाल्यावरही. एकतीस वर्षं ट्रक चालवला होता. गुडघा गेला, लायसन गेलं, मग आठ महिने खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर ऐकत राहिले. कोणी चुकीचा टाकला की दात ओठ खायचे. शेवटी तिनेच हा खेळ त्यांना लावून दिला होता.

"आलीस का क्लीनर?"

लहानपणी सुट्टीत ती त्यांच्या केबिनमध्ये बसून आरसे पुसायची. तेव्हापासून ती क्लीनर.

"आले. जेवायला बसू या."

तिने दोन ताटं मांडली. ते गुडघ्यावर हात दाबत खुर्चीत बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "आज परत आला होता तो."

"कोण?" विचारावंच लागायचं.

"आपला अर्ध्या. अजून कोण?"

"काय नेलं?"

"काय म्हणजे? अर्धं. काटा लावून नेतो लेकाचा. जसं काही आमची वाटणी ठरलीय."

"रस्ता बदला ना बाबा. इतके रस्ते आहेत."

"मी का बदलू? चोर त्याने व्हायचं आणि वाट मी वाकडी करायची?"

ती ताटात बघत राहिली. मग म्हणाली, "अर्धं तरी ठेवतो. बाकीचे सगळं नेतात म्हणे."

बाबांनी चमचा खाली ठेवला.

"तेच तर," ते म्हणाले. "तुला एक सांगतो. तू चार-पाच वर्षांची असशील. चढावर गाडी हळू झाली, चौघं चढले. माझे हात बांधले. माल उतरवला, जॅक नेला, घड्याळ नेलं, सीटखालची चादरसुद्धा सोडली नाही. आणि गेले. गेले म्हणतोय तोवर त्यातला एक परत आला. माझा जेवणाचा डबा घेऊन. डबा सीटवर ठेवला, माझे हात सोडले आणि म्हणतो कसा, उस्ताद, जेवून घ्या हं, उपाशी राहू नका."

"मग?"

"मग काय. माल कंपनीचा होता, त्याचं मला काही नव्हतं. पण तो डबा बघून मला भडभडून उलटी झाली. रस्त्याच्या कडेला बसून. तुझ्या आईला सांगितलं, जेवलो म्हणून." ते पाणी प्यायले. "सगळं नेणारा नुसता चोर असतो. त्याला चार शिव्या घातल्या की माणूस मोकळा. पण हा लुटणार तो लुटणार आणि वर आपली काळजी करणार! त्याच्या हाताचा वास येत होता त्या डब्याला. या अर्ध्याची मला तशीच किळस येते."

तिने ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"तुझ्या ऑफिसात सांगून बघ की," ते म्हणाले. "सापडत असेल तर."

"एका माणसासाठी असं काही करता येत नाही, बाबा."

"बरोबर आहे. वशिला नको." त्यांनी पुन्हा चमचा उचलला. "एकदा त्याचं तोंड बघायला मिळालं पाहिजे, बस."

ती समोरच बसली होती. दिवा डोक्यावर होता. बाबा जेवत होते, आणि भाजीत मीठ कमी आहे असं म्हणाले, आणि तिने मीठ दिलं.

ताटं उचलताना ते म्हणाले, "उद्या लवकर बसतो जरा. औषधं पोचवायचीत. अर्धीच राहिलीत, पण तेवढी तरी."

"ती खरी औषधं नाहीत, बाबा."

"माल खरा नसेल. वेळ दिलीय ती खरी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली तेव्हा ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. दूध आणायला निघाले होते; एका पायात बूट होता. दुसरा हातात होता, नाडी सैल करून ठेवलेली. "उशीर होतोय बाबा," असं ती म्हणाली, ओले केस पुसत, दोनदा. मग फडफडणारं वर्तमानपत्र उचलायला वाकली आणि खालून त्यांचा चेहरा दिसला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. आतल्या आत बरेच दिवस चाललेलं असणार. मग कागद भरता भरता, सगळ्यांना विचारत असतील तसं विचारलं, "अलीकडे मनाला काही त्रास? कोणावर राग, काही वादावादी?"

"नाही," ती म्हणाली. किती पटकन म्हणाली ते तिला तिथेच जाणवलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

आत्या येऊन राहिली. माणसं आली, बसली, गेली. जो तो बाबांची कुठली तरी गाडी आठवत होता. अकराव्या दिवशी दुपारी आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधून छोटीशी घंटा वाजली. कोणी तो बंदच केला नव्हता.

तिने जाऊन बघितलं. मेल होता.

'जुना टायर, तारे तुमची वाट बघतायत! परत या आणि मिळवा एक झगमगता नवा रंग!!'

दहा दिवस न फिरकलेल्या प्रत्येकाला तो आपोआप जायचा. या वाक्यावर ऑफिसात चर्चा झाली होती. शेवटी उद्गारचिन्ह एक असावं की दोन, यावर अर्धा तास. दोन असावीत, असं तिनेच सुचवलं होतं.

"कोणाचं गं?" आत्याने विचारलं. "दादाच्या दोस्ताचं का?"

"हो."

"काय म्हणतोय?"

"परत या म्हणतोय."

"अगं बाई! त्याला कळलंच नाही वाटतं." आत्याने डोळ्यांना पदर लावला. "कळव हो त्याला. तरी जिव्हाळा बघ माणसाचा."

तिने खालचं बटण दाबून स्क्रीन काळी केली. काळ्या काचेत तिचं तोंड दिसलं. त्यावर फडकं फिरवल्याचे गोल ओरखडे होते. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा.

सतराव्या दिवशी ती कामावर गेली. टेबलावर सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड होतं. तोफवाल्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आकडेवाल्याने तिच्यासाठी कॉफी आणून ठेवली आणि म्हणाला, "मीटिंगला नाही आलीस तरी चालेल. मी सांभाळतो."

"येते," ती म्हणाली.

मीटिंगच्या खोलीत एसीला भिजल्या पायपुसण्यासारखा वास येत होता. कोणीतरी आदल्या दिवशीचं खाणं तिथेच खाल्लं होतं. टेबलावर तेलाचा गोल डाग होता आणि त्यावर कोणाची तरी वही चिकटली होती. समोरच्या भिंतीवर आकडेवाल्याने प्रोजेक्टरने तक्ता पाडला. बारा ओळी. प्रत्येक लुटीचा एक लाल ठिपका. अकरा ओळी तोकड्या होत्या. आठवी भिंतभर गेली होती.

"तीन, चार, चार, सहा," त्याने वरून वाचत आणलं. "सगळ्यात चिवट होता तो नऊपर्यंत टिकला. आणि हा बघा आपला हिरो. सतरा. सतराव्या लुटीनंतर बंदरावर गेला, जहाज रांगेत लावलं आणि गेला. पुन्हा फिरकला नाही. परतीचा मेलही उघडून तसाच सोडलाय. म्हणजे सतरावर खेळ सोडला."

"मेला एकदाचा!" तोफवाला म्हणाला.

दोघं-तिघं हसले. तीही, जिवणी ताणली गेली म्हणून, हसल्यासारखी दिसली असावी.

कॅप्टन उठून भिंतीपाशी गेल्या. त्यांच्या गालावर चार लाल ठिपके आले.

"सगळ्यांना साफ लुटलं, ते नऊच्या आत गेले. याला हिने अर्धंच लुटलं आणि हा सतरापर्यंत आला. कळतंय का काय सापडलंय आपल्याला? अर्धं ठेवलं की माणूस स्वतःची समजूत घालतो. गेलं त्याचं दुःख करत नाही, राहिलं त्यात खूश असतो." त्या तिच्याकडे वळल्या. "माणसाची नाडी बरोबर पकडलीस तू. एवढं सगळं घडलंय तुझ्याकडे, आत्ता बोलू नये, पण बोलल्याशिवाय राहवत नाही."

तिने कॉफीचा कप पुढ्यात ओढला.

"तर नवा नियम असा. अर्धी लूट. चाच्याने अर्धाच माल घ्यायचा. त्याबदल्यात बंदरबंदी रद्द. शिक्षाच नको. आणि गस्त पाठवायची पंधराव्या लुटीनंतर."

"पंधरा?" चित्रं काढणारी मुलगी म्हणाली. "एकाच माणसाला पंधरा वेळा?"

"याला चाललं की."

"हो, पण..."

"सतरा वेळा चाललं त्याला. नको असतं तर वाट बदलली असती. साधी वाट बदलली नाही त्याने." कॅप्टननी आठव्या ओळीवरून बोट फिरवलं, पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत, कापडाचा पोत बघावा तसं. "आवडत असेल एखाद्याला. काही सांगता येत नाही."

कॉफीवर साय धरली होती. तिने कप लांब सारला.

"तो सोडून गेला नाही," ती म्हणाली.

"काय?"

"खेळ सोडला नाही त्याने. वारला."

आकडेवाल्याने तिच्याकडे बघितलं. "तुला कसं माहीत?"

"घरीच होते मी. बूट घालत होते ते."

कळायला थोडा वेळ लागला. आधी चित्रवाल्या मुलीला कळलं; तिने तोंडावर हात ठेवला. तोफवाला भिंतीकडे बघू लागला आणि त्याचे कान लाल होत गेले. कॅप्टन तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता.

"अगं... बाबा? आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं."

"मी सांगितलं नाही."

आकडेवाला आपल्या कीबोर्डकडे बघत होता. तो वाईट माणूस नव्हता. बाबांच्या वेळी सगळ्यात आधी तोच आला होता, गाडी घेऊन, आणि आत्याला स्टेशनवरून आणायलाही तोच गेला होता. पण आकडा चुकीचा राहिला की त्याला बसवत नसे. तो हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला,

"मग सतरा ही मर्यादाच नाही."

"आत्ता नको," कॅप्टन म्हणाल्या.

"नाही, फक्त एवढंच की... ते थांबले नव्हते. म्हणजे अजून आले असते. अठरा, एकोणीस, कुणास ठाऊक. खरा आकडा सतराच्या वर आहे." बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. त्याने मान खाली घातली. पण बोटांनी तोवर काम केलं होतं. भिंतीवर सतराव्या ठिपक्यापुढे पुढे जाणारा एक बारीक बाण उमटला होता.

तिने त्या बाणाकडे बघितलं. बाबा त्या बाणावरून आणखी चालत राहणार होते. गेल्यावरसुद्धा, रोज पाच वाजून दहा मिनिटांनी, आणि त्यांच्या मागे बाकीचे मालवाले, दोन बोटांनी टाइप करणारे, वेळ दिली म्हणून निघणारे. आणि हे सगळं त्यांना चालतं असं भिंतीवर लिहिलेलं असणार होतं.

"आठवी ओळ काढ," ती म्हणाली.

"हो, हो. आज मीटिंग इथेच थांबवू," कॅप्टन म्हणाल्या. "तू घरी जा."

"घरी जायचंय म्हणून नाही. ती ओळ खोटी आहे म्हणून काढ." तिने खांद्यावरचा हात उचलून बाजूला केला, हळूच, एखाद्याची विसरलेली वस्तू परत करावी तसा. "यादी आली त्या दिवशीच मला माहीत होतं ते कोण आहेत. नातेवाईक घ्यायचे नाहीत, हा नियम मीच लिहिलाय. तरी घेतलं."

"का पण?" आकडेवाल्याने विचारलं.

"दुसऱ्या कोणी घेतलं असतं तर जहाजाचे तुकडे केले असते."

तोफवाल्याने वर बघितलं नाही.

"आणि अर्धं घेत होते त्यात पद्धत वगैरे काही नव्हती. बापाचं सगळं घ्यायला हात धजला नाही, आणि थांबायलाही धजला नाही. वेगळं करून बघतेय असं मी तुला सांगितलं, ते मघाशी नियम होऊन आलं."

"तरी पण ते येत तर होते," कॅप्टन म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "म्हणजे त्यांना तेवढं..."

"त्यांना किळस यायची. सगळं नेणाऱ्यापेक्षा जास्त यायची. रोज रात्री जेवताना सांगायचे मला. ते वाट बदलत नव्हते कारण त्यांनी का बदलावी? याला सहन करणं म्हणायचं असेल तर म्हणा. पण माझ्या बापाच्या नावावर म्हणू नका."

एसीचा पंखा थोडा अडखळला आणि पुन्हा फिरू लागला. कॅप्टन आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांनी वही उघडली, बंद केली.

"याची चौकशी होईल, तुला माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या.

"होऊ दे."

आकडेवाल्याने तिच्याकडे एकदा बघितलं, विचारल्यासारखं. तिने मान हलवली. त्याने आठवी ओळ निवडली आणि एक बटण दाबलं. सतरा ठिपके बाणासकट गेले. खालच्या चार ओळी वर सरकून त्या जागी आल्या. बघणाऱ्याला तिथे कधी काही होतं असं वाटलं नसतं.

"आता काय उरलं?" कॅप्टननी विचारलं.

"तीन ते नऊ. म्हणजे गस्त तिसऱ्या लुटीच्या आधी गेली पाहिजे. आणि बंदरबंदी काढायला काही आधारच नाही."

"चाचे बोंबलतील," तोफवाला म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "बोंबलू देत."

चित्रवाल्या मुलीने टेबलावरची चिकटलेली वही ओढून काढली. एकेक जण उठला. तिच्या खुर्चीमागून जाताना प्रत्येकाचं पाऊल थोडं थांबल्यासारखं झालं आणि पुढे गेलं. आकडेवाला शेवटी राहिला. त्याने भिंतीवरचा उजेड बंद करायला हात पुढे केला.

"असू दे जरा," ती म्हणाली.

तो दाराशी उभा राहिला. जावं की थांबावं, हे त्याला कळत नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती, जिथे आता अकराच ओळी होत्या. तिने दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. मग ती बोलली, साधं, घरात बोलतात तसं.

"बाबा, तुमचा अर्ध्या म्हणजे मी. सतराही वेळा मीच. इथे तुम्हाला लुटायचे, आणि घरी येऊन तुमच्या समोर बसून जेवायचे."